आकडा वाढला तर पुढे काय?

मीरा-भाईंदर रस्त्यालगतच्या बेव्हर्ली पार्कमध्ये रक्त तपासायला आता घराबाहेर पडावं लागत नाही. ॲपवर वेळ नोंदवली की सकाळी खांद्याला पेटी अडकवलेला लॅबचा मुलगा दारात येतो, उपाशीपोटी रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. ‘फुल बॉडी चेकअप’ नावाच्या पॅकेजात साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या जोडीला ‘कॅन्सर मार्कर’ही असतात. पुरुषांसाठी पीएसए, बायकांसाठी सीए-१२५, दोघांसाठी सीईए. ज्या घरात कॅन्सर कधी आला नाही, तिथे या ओळी नुसत्या वाचल्या जातात. ज्या घरात तो येऊन गेला आहे, तिथे आधी याच ओळी शोधल्या जातात. त्यातला एखादा आकडा ठळक अक्षरात छापलेला असला तर त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

या भागातल्या पुष्कळ कुटुंबांचे उपचार परळला झालेले असतात. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हापासून मुंबईच्या बोलण्यात ‘टाटाला दाखवतो’ या दोन शब्दांत सगळं आलं. मीरा रोडहून लोकलने दादर गाठायचं, तिथून डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरच्या त्या इमारतीत पोचायचं आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं, हे वर्षभर केलेलं असतं. उपचार संपतात. ‘आता तीन महिन्यांनी या’ असं डॉक्टर सांगतात. ज्यांच्या देखरेखीखाली आठवड्याआठवड्याने रक्त तपासलं जात होतं, त्यांनी एकदम तीन महिने मोकळं सोडलं की माणूस बावरतो. मग मधल्या काळात आपणच एखादी तपासणी करून घ्यावी असं वाटू लागतं. रक्तच तर द्यायचं आहे, त्यात काय बिघडतं, असा साधा विचार असतो.

तो विचार समजण्यासारखा आहे. पण त्याचं उत्तर प्रत्येक कॅन्सरसाठी वेगळं आहे, आणि ते घरोघरी पोचलेलं नाही. काही कॅन्सरमध्ये रक्तातल्या एका आकड्यावर माणूस पुन्हा पूर्ण बरा होतो. काहींमध्ये तोच प्रकार केला तर आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही, फक्त आजाराची बातमी लवकर येते. कुठल्याही फॉलो-अपच्या रक्ततपासणीला एकच प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं: आकडा वाढला तर आपण काय करणार आहोत? याचं उत्तर रक्त देण्याआधी माहीत असायला हवं.

ट्यूमर मार्कर म्हणजे गाठीतल्या पेशींनी रक्तात सोडलेला एखादा पदार्थ, बहुधा प्रथिन. अडचण अशी की हा पदार्थ सहसा फक्त कॅन्सरच्या पेशी बनवत नाहीत. सीईएचा शोध १९६५मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी लावला. गर्भाच्या आतड्यात आणि मोठ्या आतड्याच्या गाठीत सापडणारं हे प्रथिन निरोगी प्रौढ माणसात जवळजवळ नसतं, असं आधी वाटलं. त्यामुळे एका थेंबात कॅन्सर पकडता येईल अशी आशा निर्माण झाली. मग कळलं की धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते वाढलेलं असतं, यकृताच्या आजारात वाढतं आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या कित्येक गाठींमध्ये वाढतच नाही. निरोगी लोकांत कॅन्सर शोधायला ते निकामी ठरलं. पण ज्याचा कॅन्सर माहीत आहे, शस्त्रक्रियेआधी ज्याचं सीईए वाढलेलं होतं आणि नंतर खाली आलं, त्याच्यावर नजर ठेवायला ते कामाचं निघालं. म्हणून चेकअपच्या पॅकेजातलं सीईए आणि आतड्याच्या कॅन्सरनंतरच्या फाइलमधलं सीईए हे एकाच बाटलीतल्या रक्तावर होत असले तरी त्यांचा अर्थ एक नसतो.

आकड्यावर भिस्त ठेवून उपचार करण्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात ठसठशीत हकिगत अमेरिकेतल्या बेथेस्डाची आहे. १९५६च्या सुमारास तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली हे तरुण डॉक्टर रॉय हर्ट्झ यांच्यासोबत काम करत होते. त्यांच्याकडे कोरिओकार्सिनोमाच्या बायका येत. हा वारेच्या पेशींपासून होणारा कॅन्सर. बऱ्याचदा द्राक्षगर्भानंतर होतो आणि झपाट्याने फुप्फुसांत पसरतो. ली यांनी मेथोट्रेक्सेट दिलं आणि एक्स-रेमधल्या गाठी नाहीशा झाल्या. सगळे आनंदले. पण या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन बनवतात, गर्भारपणाची तपासणी ज्यावर होते तेच. गाठी दिसेनाशा झाल्या तरी एचसीजी थोडंसं उरलेलं होतं. ते शून्यावर येईपर्यंत ली औषध देत राहिले. दिसायला काही आजार नाही आणि हा माणूस एका आकड्यापायी विषारी औषध देतोय, अशी संस्थेतल्या वरिष्ठांची भावना झाली आणि ली यांना तिथून जावं लागलं. पुढे हिशेब लागला. ज्यांचं औषध लवकर थांबवलं होतं त्यांचा कॅन्सर परतला. ज्यांचं हार्मोन पूर्ण संपेपर्यंत औषध चालू ठेवलं होतं त्या बऱ्या राहिल्या. १९७२च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत ली यांचं नाव होतं.

आज ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही रुग्णालयात द्राक्षगर्भ काढला की त्या बाईला एचसीजीसाठी आधी दर आठवड्याला आणि आकडा सामान्य झाल्यावर काही महिने दर महिन्याला बोलावतात. त्या काळात दिवस राहू देऊ नका असं सांगतात, कारण गर्भ राहिला तर एचसीजी त्यानेही वाढेल आणि दोन्हींतला फरक कळणार नाही. आकडा उतरायचा थांबला किंवा चढू लागला तर गाठीचा तुकडा न काढताही केमोथेरपी सुरू करतात, आणि जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होतात. इथे तपासणी चुकवणं धोक्याचं आहे. ‘मला तर काहीच त्रास नाही’ म्हणून मध्येच येणं बंद करणाऱ्या बायका असतात, त्यांना घरच्यांनी हाताला धरून न्यायला हवं.

वृषणाच्या कॅन्सरचं असंच. एएफपी, एचसीजी आणि एलडीएच हे तीन मार्कर. शस्त्रक्रियेनंतर एएफपीचं प्रमाण पाच ते सात दिवसांत निम्मं व्हायला हवं, एचसीजीचं दीड दिवसाच्या आत. या गतीने आकडे उतरले नाहीत तर कुठेतरी पेशी उरल्या आहेत असं डॉक्टर ओळखतात. आजार परतला, अगदी फुप्फुसात परतला, तरी सिस्प्लॅटिनवर आधारलेल्या केमोने बहुतेक तरुण बरे होतात. ही उपचारपद्धती १९७०च्या दशकात इंडियानामध्ये लॉरेन्स आइनहॉर्न यांनी बसवली. छातीतल्या याच कुळातल्या गाठीवर क्रिकेटपटू युवराज सिंग २०१२मध्ये इंडियानापोलिसला त्यांच्याकडेच गेला होता. मागे फिरून पुन्हा बरं करणारं औषध हाताशी असल्यामुळे इथे लवकर कळण्याला किंमत आहे.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पीएसए हा बहुधा सगळ्यात उपयोगी पडणारा मार्कर. अमेरिकेत १९८६मध्ये त्याला मान्यता मिळाली ती उपचारानंतर नजर ठेवण्यासाठी. निरोगी पुरुषांमध्ये कॅन्सर शोधण्यासाठीची मान्यता त्यानंतर आठ वर्षांनी आली. शस्त्रक्रियेने पूर्ण ग्रंथी काढली असेल तर पीएसए बनवायला जागाच उरत नाही, म्हणून काही आठवड्यांत तो मोजता न येण्याइतका खाली यायला हवा. नंतर कधी तो ०.२ नॅनोग्रॅमच्या वर गेला आणि दुसऱ्यांदा तपासूनही तेवढाच राहिला, तर आजार परतला असं धरतात. रेडिएशन घेतलेल्यांचा हिशेब निराळा. त्यांची ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे पीएसए कधीच शून्य होत नाही. आतापर्यंतच्या सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा दोनने वाढला तर पुनरागमन मानतात. शेजारच्या काकांचा पीएसए ०.३ म्हणून त्यांना रेडिएशन सुरू झालं आणि आपल्या वडिलांचा ०.९ असूनही डॉक्टर ‘छान’ म्हणतात, याचं कारण एवढंच असू शकतं.

पण पीएसएच्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. शस्त्रक्रियेनंतर आकडा वाढू लागताच, तो अजून अर्ध्या नॅनोग्रॅमच्या खाली असताना, रेडिएशन दिलं तर फायदा जास्त होतो; म्हणून तिथे वेळेवर तपासणी हवी. मात्र १९९९मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी एक अभ्यास मांडला. पीएसए वाढल्यावरही हार्मोनचे उपचार न घेतलेल्या पुरुषांमध्ये हाडांत वगैरे आजार दिसायला सरासरी आठ वर्षं लागली होती. पंच्याहत्तरीच्या, हृदयविकार असलेल्या माणसाला आठ वर्षांनी होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी आज काय द्यायचं, हा प्रश्न मग लॅबचा उरत नाही. तो त्या माणसाचा, त्याच्या घरच्यांचा आणि डॉक्टरांचा होतो.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर रक्त हेच आजाराचं घर, त्यामुळे तिथे तपासणीला तोड नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, ज्याला सगळे सीएमएल म्हणतात, त्यात बीसीआर-एबीएल हा बिघडलेला जनुक पीसीआरने मोजतात. २००१मध्ये इमॅटिनिब आलं आणि या आजाराचं रूप पालटलं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त इमॅटिनिबची वाट भारतात मोकळी राहिली. आता प्रश्न ‘औषध परवडतं का’ याच्या पुढे गेला आहे: आकडा वर्षानुवर्षं अगदी खोल गेला असेल तर गोळी बंद करता येते का? ठरावीक रुग्णांमध्ये येते. साधारण निम्म्यांचा आजार परत येत नाही, आणि ज्यांचा येतो त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणून गोळी थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करावी लागते. आकडा चढताच गोळी पुन्हा सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा आजार परत ताब्यात येतो. ही तपासणी नसती तर गोळी थांबवण्याचं धाडस कुणी केलंच नसतं.

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ग्रंथी पूर्ण काढून रेडिओआयोडीन घेतलेल्यांसाठी मार्कर म्हणजे थायरोग्लोब्युलिन. त्यासोबत त्याची अँटिबॉडीही मोजावी लागते. ती असेल तर मुख्य आकडा खोटा कमी दिसतो.

आता मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर, जिथे चित्र धूसर होतं. शस्त्रक्रियेनंतर पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए करावं असं मार्गदर्शक नियम सांगतात. त्यामागची कल्पना सरळ आहे. हा आजार परततो तेव्हा बऱ्याचदा यकृतात किंवा फुप्फुसात एक-दोन गाठींच्या रूपात परततो आणि त्या काढता आल्या तर माणूस बरा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १,२०२ रुग्णांवर ‘फॅक्स’ नावाची चाचणी झाली. निकाल २०१४मध्ये आले. काटेकोर फॉलो-अप नसलेल्या गटात फक्त २.३ टक्के लोकांना बरं करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया करता आली, सीईएवर नजर ठेवलेल्या गटात ६.७ टक्क्यांना. फरक खरा होता. तरीही एकूण किती जण जगले, यात स्पष्ट फरक दिसला नाही. २०१८मध्ये स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेतल्या २,५०९ रुग्णांच्या ‘कोलोफॉल’ चाचणीचा निकाल आला. तीन वर्षांत पाच वेळा सीटी स्कॅन आणि सीईए केलेले, आणि फक्त दोनदा केलेले. पाच वर्षांनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, १३ आणि १४.१ टक्के.

याचा अर्थ सीईए बंद करावं असा नाही. माझं मत असं की, परत गाठ सापडली तर ज्या व्यक्तीला यकृताची शस्त्रक्रिया झेपेल, तिच्यासाठी ही तपासणी जरूर करावी. पण दर महिन्याला करून हाती काही जास्त लागत नाही. शिवाय सीईए परतलेल्या दर दहा आजारांतले साधारण तीन हेरतच नाही. आकडा सामान्य आहे म्हणून शौचातल्या रक्ताकडे किंवा उतरणाऱ्या वजनाकडे काणाडोळा करणं बरोबर नाही, आणि ठरलेली कोलोनोस्कोपी टाळणंही नाही.

आणि मग बीजांडकोशाचा कॅन्सर. या विषयातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची चाचणी इथली आहे, आणि ती पचवायला सगळ्यात अवघड आहे. सीए-१२५ हा मार्कर रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने १९८१मध्ये पुढे आणला. पस्तीसच्या खाली सामान्य. केमो संपल्यावर आजार परतणार असेल तर हा आकडा लक्षणांच्या काही महिने आधी वर जाऊ लागतो. मग लगेच केमो सुरू करणं शहाणपणाचं, असं कुणालाही वाटेल. लंडनचे गॉर्डन रस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गृहीत न धरता तपासून पाहिलं. बऱ्या झालेल्या १,४४२ बायकांची नोंद झाली. दर तीन महिन्यांनी त्यांचं सीए-१२५ मोजलं गेलं, पण निकाल ना त्यांना कळवला ना त्यांच्या डॉक्टरांना. आकडा सामान्य मर्यादेच्या दुप्पट झालेल्या ५२९ जणींचे दोन गट पाडले. एका गटाच्या डॉक्टरांना लगेच कळवलं आणि केमो सुरू झाली. दुसऱ्या गटात कुणालाच काही सांगितलं नाही. पोट फुगणं, दुखणं अशी लक्षणं आल्यावर नेहमीप्रमाणे उपचार झाले. निकाल २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पहिल्या गटात केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली. पहिल्या गटातल्या बायका त्यानंतर सरासरी २५.७ महिने जगल्या, दुसऱ्या गटातल्या २७.१ महिने. म्हणजे फरक नाहीच. आणि पहिल्या गटातल्या बायकांच्या रोजच्या जगण्याचा दर्जा आधी ढासळला, कारण त्यांचे चांगले महिने केमोत गेले.

इथे एक फसगत आहे, ती नीट समजून घ्यायला हवी. दोन बहिणींना एकच आजार एकाच दिवशी परतला. एकीला रक्तातून जानेवारीत कळलं, दुसरीला त्रास सुरू झाल्यावर जूनमध्ये. दोघीही पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात गेल्या. पहिलीबद्दल आपण म्हणतो, ‘लवकर कळलं म्हणून जवळपास दोन वर्षं मिळाली’. दुसरीबद्दल म्हणतो, ‘उशीर झाला, दीड वर्षातच संपलं’. आयुष्य दोघींना तेवढंच मिळालं. पहिलीला फक्त जाणीव पाच महिने आधी झाली. विरारची गाडी रद्द झाल्याचा मेसेज मीरा रोडला घरीच मिळाला तर त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा दुसरी एखादी गाडी किंवा बस पकडता येते. दुसरा मार्गच नसेल तर फक्त घरातली घालमेल वाढते.

रस्टिन यांच्या चाचणीनंतर काळ पुढे गेला आहे, हेही सांगायला हवं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेस्कटॉप-३’ चाचणीत, नीट निवडलेल्या बायकांमध्ये परतलेली गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर सरासरी आयुष्य ४६ महिन्यांवरून ५३.७ महिन्यांवर गेलं. त्याच विषयावरच्या अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही. पार्प इन्हिबिटर नावाची औषधंही आली. म्हणून आज काही डॉक्टर सीए-१२५ करतात, काही करत नाहीत, आणि दोघांकडेही कारण असतं. बाईला विचारून ठरवावं, हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो. काही जणींना कळलेलं हवं असतं, घरातल्या गोष्टी मार्गी लावायच्या असतात. काही जणींना त्रास होईपर्यंतचे दिवस मोकळेपणाने जगायचे असतात. त्या बाईला न विचारता मुलाने पॅकेजात हा आकडा काढून घेणं मात्र योग्य नाही.

स्तनाच्या कॅन्सरबद्दल तर गोंधळ सर्वाधिक आहे, कारण रुग्ण सर्वाधिक. सीए १५-३ नावाचा मार्कर सर्रास केला जातो. पण ज्या बाईचे उपचार पूर्ण झालेत, जिला त्रास नाही, तिच्यात असे मार्कर किंवा स्कॅन नेहमीच्या फॉलो-अपमध्ये करू नयेत असं अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२मध्येच स्पष्ट सांगितलं. त्यामागे इटलीतल्या दोन चाचण्या होत्या, १,३२० आणि १,२४३ बायकांच्या, दोन्ही १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या. एका बाजूला ठरावीक अंतराने हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे आणि आणखी तपासण्या, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्यात फरक पडला नाही. या चाचण्या जुन्या आहेत, औषधं बदलली आहेत, आणि म्हणूनच जर्मनीत ‘सर्व्हाइव्ह’ नावाची नवी चाचणी सुरू आहे. सुमारे ३,५०० बायकांमध्ये रक्ताच्या आधुनिक तपासण्यांनी काही साधतं का, हे ती पाहणार आहे. तिचा निकाल येईपर्यंत खात्रीचं असं: वर्षातून एकदा मॅमोग्राफी, ठरलेल्या तारखेला डॉक्टरांचा हात, हार्मोनची गोळी असेल तर ती एकही दिवस न चुकवणं, आणि पाठीत किंवा कंबरेत आठवडेच्या आठवडे न थांबणारं दुखणं, धाप, जखमेच्या जागी गुठळी, असं काही आलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जाणं. हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकतो, तेव्हा ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ म्हणून कान बंद करू नयेत.

आपल्याकडे पुरुषांना सर्वाधिक होणारा कॅन्सर तोंडाचा. तंबाखू, गुटखा, मावा. त्याला रक्तातला कामाचा मार्करच नाही. गालाच्या आत दिवा धरून बघणारे आणि मान चाचपणारे डॉक्टर, हीच तपासणी. पहिल्या दोन वर्षांत हा आजार परतण्याचा धोका सर्वाधिक, म्हणून तेव्हाच्या तारखा पाळणं गरजेचं आहे. अशा घरात लोक सीईए करून ‘नॉर्मल आलं’ म्हणून निश्चिंत होतात आणि फॉलो-अपची तारीख पुढे ढकलतात, तेव्हा त्या तपासणीने नुकसान केलेलं असतं. मानेला रेडिएशन घेतलेल्यांना एक रक्ततपासणी खरोखर लागते, पण ती कॅन्सरची नाही: टीएसएच. रेडिएशनने थायरॉइड हळूहळू मंदावते. थकवा, सूज, उदासी येते आणि सगळे ते आजारपणावर ढकलतात. सहा महिन्यांनी, वर्षाने टीएसएच केलं तर एका छोट्या गोळीने माणूस उभा राहतो.

आकडा वाढलेला दिसला तर दरवेळी कॅन्सरच असतो असं नाही. पोटातल्या क्षयरोगात सीए-१२५ शेकड्यांत जातं, पोटात पाणीही होतं, आणि चित्र हुबेहूब बीजांडकोशाच्या कॅन्सरसारखं दिसतं; क्षय घरोघरी असलेल्या आपल्या देशात हे विसरून चालत नाही. पाळी, एंडोमेट्रिओसिस, यकृताचा आजार यांनीही ते वाढतं. पित्तनलिका तुंबून कावीळ झाली की स्वादुपिंडाचा मार्कर सीए १९-९ वाढतो. आणि रक्तगटाच्या एका जन्मजात वैशिष्ट्यामुळे काही टक्के लोकांच्या शरीरात हा मार्कर बनतच नाही, त्यांचा आकडा कॅन्सर असतानाही तळाशीच राहतो. लघवीच्या संसर्गाने पीएसए चढतो. केमो चालू असताना सीईए काही काळ वाढून पुन्हा उतरू शकतं.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. केमोत केस गेलेल्या बायका आणि पुरुष केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात. कित्येक लॅबच्या यंत्रांत बायोटिनचाच वापर करून मार्कर मोजतात, त्यामुळे रक्तात बायोटिनची मात्रा मोठी असेल तर आकडा खोटा येऊ शकतो; पीएसए आणि थायरोग्लोब्युलिन तर खोटे कमी दिसू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये याबद्दल सावध केलं. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस अशी गोळी थांबवावी आणि घेत असल्याचं लॅबला सांगावं. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांची किट निरनिराळे आकडे देतात. या महिन्यात एका लॅबचं सवलतीचं कूपन, पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबचं, असं केलं तर आजार न बदलताही आकडा बदलतो. एकच लॅब, एकच पद्धत, आणि एका आकड्यापेक्षा चार आकड्यांची चाल.

आता नव्या तपासणीविषयी, जिच्याबद्दल बेव्हर्ली पार्कमध्येही विचारणा होऊ लागली आहे. १९४८मध्ये स्ट्रासबुर्गच्या मांडेल आणि मेते यांना माणसाच्या रक्तद्रवात पेशींबाहेर तरंगणारा डीएनए सापडला. मरणाऱ्या पेशींतून तो येतो आणि काही तासांत विरून जातो. गाठीतल्या डीएनएमधले बदल आधी शोधून ठेवायचे आणि मग शस्त्रक्रियेनंतर रक्तात नेमके तेच बदल आहेत का हे बघायचं, यालाच सीटीडीएनए तपासणी म्हणतात. मार्करपेक्षा ही कितीतरी नेमकी. ऑस्ट्रेलियातल्या ‘डायनॅमिक’ चाचणीत दुसऱ्या टप्प्याच्या आतड्याच्या कॅन्सरच्या ४५५ रुग्णांपैकी काहींची केमो या तपासणीवरून ठरवली. नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना केमो द्यावी लागली, इथे १५ टक्क्यांना, आणि दोन वर्षांनंतर आजार न परतलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ९२-९३ टक्के. केमो टाळता आली, हा मला खरा फायदा वाटतो. २०२५मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दलही चांगली बातमी आली. शस्त्रक्रियेनंतर रक्तात असा डीएनए सापडलेल्यांना अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तर त्यांचं आयुष्य वाढलं. पण ब्रिटनमध्ये ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्ये हीच कल्पना वापरली, तेव्हा डीएनए सापडेपर्यंत दहापैकी सात बायकांच्या शरीरात आजार आधीच स्कॅनमध्ये दिसण्याइतका पसरलेला होता. रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशीच पकडणाऱ्या तपासण्याही आहेत. नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स ही कंपनी त्या कामात आहे. या तपासण्या महाग आहेत. डॉक्टरांनी एखाद्या ठरावीक निर्णयासाठी मागितली, तर करावी. निव्वळ मनाच्या शांततेसाठी दागिने मोडून करू नये.

आणि आकडा वाढलेलाच आला तर? आधी तीच तपासणी त्याच लॅबमध्ये दोन-चार आठवड्यांनी पुन्हा. मध्ये काही संसर्ग, कावीळ, नवी गोळी होती का, हे आठवून लिहून ठेवायचं. पुन्हाही वाढला तर स्कॅन, आणि गाठ दिसली तर बहुधा तिचा तुकडा. वर सांगितलेले थोडे आजार सोडले तर नुसत्या आकड्यावर केमो सुरू होत नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर परळला किंवा दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवून मगच पुढे जावं. जाताना शस्त्रक्रियेचा आणि पॅथॉलॉजीचा कागद, केमोचा तक्ता, आणि उपचाराआधीपासूनचे सगळे मार्कर तारखेच्या क्रमाने एका पानावर लिहून, लॅबच्या नावांसकट, न्यावेत. मोबाइलवरची तीस पीडीएफ एकामागून एक उघडण्यात ओपीडीतली पाच मिनिटं संपतात. ते एक पान समोर ठेवलं की डॉक्टरांना आकड्यांची चाल लगेच दिसते आणि उरलेला वेळ पुढे काय करायचं हे बोलायला मिळतो.